पेराएवढे शिपाई

आखाडातलं वारं सुटलं की मी घराच्या खिडक्या लावून घेते. शेजारणी म्हणतात, मंगलताईला गारठा सोसत नाही. कसला गारठा! आमच्या वरवंडला पाऊस येतो तो तोंड दाखवायला. आखाडात इथं राज्य वाऱ्याचं. हायवेवरची धूळ, कडब्याचं भुसकट, कोंबड्यांची पिसं, जे सापडेल ते उचलून घरात आणून टाकतं. आणि माझ्या टेबलावर ओला रंग असतो. बोटाच्या पेराएवढा शिपाई, त्याच्या ओल्या गालावर एवढंसं कुसळ चिकटलं तरी दाढी फुटल्यासारखी दिसते. मग चिमट्याने ते काढा, गाल पुसा, पुन्हा रंगवा. म्हणून खिडक्या.

हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं म्हणजे ते वारं कानावर पडलं की मला मामांचा आखाड आठवतो, आणि तो आठवला की दिवसभर हात कामात राहत नाही.

आता माझ्याकडे पुण्याहून कुरिअरने डबे येतात. पोरं पाठवतात. पोरं कसली, चांगली नोकरीवाली, टक्कल पडायला आलेली माणसं! टेबलावर लढाया खेळतात. फासे टाकायचे, फूटपट्टीने अंतर मोजायचं, तेवढा शिपाई पुढे सरकवायचा. शिपाई बिनरंगी येतात, करडे, आंघोळ न केल्यासारखे. त्यांना अंगरखे, पट्टे, बुटं आणि तोंडं द्यायची ती मी. परवा एकाचा फोन आला, "काकू, त्या राक्षसाला अजून जरा क्रूर करा ना." करते बाबा, म्हटलं. माझं काय जातंय? बाकी बाई घरात बसून चित्रं रंगवते आणि चार पैसे मिळवते, याचं गावाला आता कौतुक राहिलेलं नाही. सुरुवातीला होतं. सुरुवातीला तर हे काम माझं नव्हतंच, मामांचं होतं.

मामा म्हणजे माझे सासरे. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. त्यांचे वडील मेंढरं घेऊन पार कोकणापर्यंत चालत जायचे; मामांच्या पिढीत मेंढरं गेली, थोडी जमीन आली, आणि मामांच्या हाताला कुठून कोण जाणे रंग लागला. खताच्या दुकानांच्या पाट्या, ट्रॉल्यांवरची नावं, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे, सगळं त्यांनी केलं. पण त्यांचं नाव होतं ते गणपतीच्या आखणीसाठी. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. कारखान्यात अंगाला, सोंडेला, पितांबराला रंग द्यायला दहा माणसं असतात. डोळ्यांना हात लावणारा एकच. दरवर्षी श्रावणात तळेगाव ढमढेऱ्याच्या एका कारखान्यात मामांना बोलावणं यायचं. आंघोळ करून, चहाचा घोटही न घेता ते पहिल्या मूर्तीपुढे बसायचे. कारखान्यातला रेडिओ बंद व्हायचा. एक डोळा काढून दुसरा उद्यावर टाकायचा नाही, हा त्यांचा नेम. "अर्धं बघनारा देव कुनाच्या घरी पाठवायचा?" म्हणायचे.

मी लग्न होऊन आले तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. माहेर माझं निमोण्याचं. सासूबाई आधीच गेलेल्या. आमचे हे कुरकुंभच्या एका कंपनीत पाळीवर. म्हणजे दिवसभर घरात मी आणि मामा, आणि मामा तर मोजून चार वाक्यं बोलणारे. पहिले सहा महिने मी त्यांच्या पाठीलाच ओळखत होते. पडवीत उजेडाकडे तोंड करून बसायचे ना.

त्याच हिवाळ्यात दौंडहून गार्डसाहेब आले. रेल्वेतून रिटायर झालेले गार्ड, कॉलनीच्या मागे एका कौलारू घरात एकटे राहायचे. परदेशातला भाऊ त्यांना शिशाचे शिपाई पाठवायचा, आणि रविवारी पुण्याचे दोन दोस्त आले की टेबलावर लढाई व्हायची. नजर अधू झाल्यामुळे रंगवणं जमेना. दौंडच्या मंडळाचा गणपती बघून त्यांनी चौकशी केली होती, हे डोळे कुणी काढले म्हणून.

मामांनी पहिला शिपाई तळहातावर घेतला, उलटासुलटा केला आणि विचारलं, "ह्यो कुनाच्या बाजूचा?"

"निळा कोट असेल तो माझ्या बाजूचा, आबा."

"आन् लाल?"

"तोपण माझाच. पण तो हरणार."

मामांनी मान हलवली, जशी काही हीच अडचण सुटायची राहिली होती.

शिपाई हातात धरून रंगवता येत नाही, बोटांचा मळ लागतो. मी त्यांना कणकेचे गोळे करून दिले, त्यात एकेक शिपाई रोवायचा. दुसऱ्या दिवशी मुंग्यांनी अख्खी पलटण काळी करून टाकली. मग दोऱ्याची रिकामी रिळं आणि मेण. असं करत महिन्याभरात डबा भरला आणि आम्ही दोघं दौंडला पोचतं करायला गेलो. गार्डसाहेबांनी भिंग लावून पाहिलं आणि खुर्चीत बसून पोट धरून हसले. प्रत्येक शिपायाला मामांनी गणपतीचे डोळे काढले होते! लांब, शांत, पापणीवर बारीक रेघ ओढलेले. हातात संगीन, पायाखाली मुडदा, आणि नजर अशी की आता हा वर देणार.

"आबा, हे लोक दुश्मनाला आशीर्वाद देतायत!"

मामा हसले नाहीत. "साहेब, डोळा काढायचा तर नीट काढायचा. मारायला निघाला म्हनून काय त्याचं डोळं बारकं करायचं?"

पण पुढच्या खेपेपासून त्यांनी ते केलं. नुसता एक ठिपका आणि वर भुवईची रेघ. डाव्या भुवईला अगदी किंचित उचल द्यायचे, त्याने तो एवढासा चेहरा जागा व्हायचा. ती उचल हीच मामांची सही. मी रांगोळी काढणारी, शाळेत चित्रकलेची परीक्षा दिलेली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून बघून बघून ती उचल मला पाठ झाली. खोटं कशाला बोलू, जळणाच्या काडीने मी ती चुलीच्या राखेत काढून बघायचे. मोडायचे आणि काढायचे.

आणि मग तो आखाड आला.

गार्डसाहेबांनी मोठा डबा पाठवला होता, पन्नास शिपाई. मामा सकाळी बसायचे, मनगटाला टेकू म्हणून धान्याचं मापटं पालथं ठेवून. हिवाळ्यात मापटं लागत नव्हतं. मी चहा द्यायला गेले की ते ब्रश बाजूला ठेवायचे. पूर्वी कधी ठेवायचे नाहीत, हातातल्या हातात पेला घ्यायचे. मला तेव्हाही कळलं नाही. कळलं ते चार शिपाई वाळत ठेवलेले पाहिल्यावर. एकाचा ठिपका गालावर आला होता. एकाची भुवई टोपीवर चढलेली. एकाचा एक डोळा वर, एक खाली. मामा हातात पंचा घेऊन बाहेर वाऱ्याकडे बघत उभे होते. म्हणाले, "वारं लई हाय. हात ठरू देत न्हाई."

"व्हय मामा," मी म्हटलं. "वारंच लई हाय."

तिथंच मी चुकले. तिथं एक वाक्य बोलायचं होतं, ते बोलले नाही आणि पुढची सगळी वाक्यं मग त्याच्यावर रचत गेले.

दुपारी दोन ते चार मामा स्टँडवर पेपर वाचायला जायचे. ते वळणाआड गेले की मी बसायची. चिंधीला टर्पेंटाइन लावून वाकडे डोळे पुसायचे, त्वचेचा रंग पुन्हा द्यायचा, तो वाळला की ठिपका, ठिपक्यावर रेघ, डाव्या रेघेला उचल. दिवसाला चार-पाच. टर्पेंटाइनचा वास घरभर राहायचा, म्हणून चार वाजायच्या आत मी कढईत लसूण टाकायची. मामा दारातून आत येत म्हणायचे, "आज दुपारचीबी फोडनी?" मी म्हणायची, यांना डब्याला लागतं.

यांना मी सांगितलं. हे म्हणाले, "तूच सांग आबाला. मी न्हाई सांगायचो. मला ते बघवनार न्हाई." म्हणजे ज्याचा बाप त्याला बघवत नाही, आणि कालची आलेली सून सांगणार! मी रागावून दोन दिवस बोलले नाही. पण राग फक्त यांचा नव्हता. मला बरंही वाटत होतं. मी मामांना सांभाळून घेतेय असं वाटायचं, आणि त्याहून खाली, जिथं आपण सहसा बघत नाही तिथं, असं वाटायचं की माझा हात त्यांच्याइतका बसतोय. माझ्या रेघेला ते स्वतःची समजतायत! एवढी शाबासकी मला कुणी दिली नव्हती. माया होती, खोटं नाही सांगत. पण मायेत हौस मिसळलेली होती, आणि ती निवडून वेगळी करायला मला वीस वर्षं लागली.

एके सकाळी मामांनी आदल्या दिवशीचे शिपाई उजेडात धरले. बराच वेळ बघत राहिले. मग यांना हाक मारली, कधी मारत नसत. "हे बघ. हात बसला परत. वाऱ्याचंच व्हतं ते." त्यांचं तोंड असं उजळलं होतं की मी आत जाऊन भाकरीचं पीठ उगीच मळत बसले.

नंतर कळलं, त्या वर्षी त्यांनी तळेगावला नाही म्हणायचं ठरवलं होतं. निरोप धाडायचाच बाकी होता. माझे शिपाई बघून त्यांनी तो धाडला नाही.

श्रावणात त्यांची पिशवी मीच भरली. दोन धोतरं, पंचा, चष्मा, कापडात गुंडाळलेले ब्रश. चौफुल्यापर्यंत जीप आणि तिथून न्हावऱ्याच्या गाडीने पुढं तळेगाव. जीप सुटेपर्यंत मी उभी होते. अजून सांगता येईल, अजून सांगता येईल असं करता करता जीप गेली. त्या दिवसाइतकी स्वतःची चीड मला कधी आली नाही. माणसाचं तोंड कशासाठी असतं मग?

महिन्यासाठी गेलेले मामा चौथ्या दिवशी दुपारी परत आले. पाय धुतले, पाणी प्याले. मग पडवीत बसून आपणहून बोलायला लागले, आणि एवढं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते.

"पैल्या मूर्तीला भुवई वढली. रेघ कानापातूर गेली. कारखान्याचं आप्पा म्हनलं, आबा, चहा घ्या. चहा घ्यून आलो तर भुवई नीट व्हती. मला वाटलं, मलाच भास झाला. दुसऱ्या मूर्तीला तसंच. चहा घ्या आबा. आलो तर डोळा नीट. तिसऱ्या येळंला मी चहाला गेलोच न्हाई, खांबाआड हुबा ऱ्हायलो. एक पोरगं आलं, पुसलं, काढलं, गेलं. धाबारा मान्सं व्हती तिथं. समदी खाली मान घालून रंग द्यीत व्हती."

त्यांनी पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला.

"खांबाआड हुबा व्हतो तवा मला घरची दोनदा फोडनी आठवली."

त्यांनी शिपायांचा डबा मागितला. चष्मा पुसला, उजेडाला सरकले आणि चाळीस शिपाई एकेक करून बघितले. मग म्हणाले, "ह्ये माझं न्हाईत."

"तुमचंच हायेत मामा." अजूनही! त्या क्षणालाही माझ्या तोंडातून खोटंच आलं.

ते ओरडले असते तर मला सोसलं असतं. ते हळू आवाजात बोलले. "मेंढराच्या पाठीवर आमच्यात वळखीची खून करत्यात, तांबडी काव लावून. एकाची खून दुसऱ्यानं पुसून तिथंच तसलीच काढली, तर त्यानं मेंढरू चोरलंच की न्हाई? आप्पा परका. त्यो न्हाई सांगनार मला. तू घरची ना? चूक माझी व्हती, पोरी. ती तरी माझ्यापाशी ऱ्हाऊ द्यायची."

मी पदर तोंडात धरून रडले. मामा पुढं आठ वर्षं होते. माझ्याशी कधी वाकडं बोलले नाहीत, माझ्या हातचं आवडीने खाल्लं, पुढं माझ्या लेकीला मांडीवर घेऊन झोपवलं. पण ते वाक्य त्यांनी मागे घेतलं नाही आणि मीही ते विसरा असं कधी म्हटलं नाही. आजही एखादा ठिपका चुकला की मी तो लगेच पुसत नाही. थोडा वेळ बघते. हे माझं आहे, असं म्हणते, आणि मग चिंधी घेते.

डब्यात दहा शिपाई रंगवायचे राहिले होते. ते मामांनी घेतले. मापटं न घेता, उघड्या पडवीत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असे बसले. तीन दिवस लागले. माझ्याकडे पाठ नव्हती या वेळी, समोर तोंड होतं, आणि मी हातातलं काम सोडून बघत राहिले तरी त्यांनी काही म्हटलं नाही. हात कापायचा, ब्रश भरकटायचा, ठिपका जाईल तिथं जायचा. संपल्यावर डबा बंद करून माझ्याकडे दिला. "ह्याला हात लावायचा न्हाई. ह्ये असंच गार्डसाहेबाला दे, आन् काय म्हनतो ते यिऊन सांग."

दुसऱ्या दिवशी मी एकटीच यष्टीने दौंडला निघाले. चाळीस एका डब्यात, दहा एका डब्यात. कमरेच्या पिशवीत माझा सगळ्यांत बारीक ब्रश आणि रंगाची डबी होती. का घेतली होती ते मला माहीत होतं. दौंडच्या स्टँडवर बाकावर बसून मी दहाचा डबा उघडला. सकाळचं ऊन चांगलं होतं. दहा चेहरे, एकही धड नाही. एकाचे दोन्ही ठिपके हनुवटीवर उतरलेले. तासाभराचं काम. मामांना कोण सांगायला जातंय? मी ब्रश बाहेर काढला, तोंडात धरून त्याचं टोक केलं, आणि तसाच परत पिशवीत टाकला. तिथून कॉलनीपर्यंत पळत सुटले म्हटलं तरी चालेल.

गार्डसाहेबांनी चाळीसचं कौतुक केलं. मग दहाचा डबा उघडला. एकेक शिपाई हिरव्या कापडावर मांडला, भिंग घेतलं, ठेवलं.

"आबांची तब्येत कशी आहे, बेटी?"

"हात कापतोय साहेब. हे त्यांनी काढलेत. आधीचे चाळीस मी."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "ये टेबलपे नहीं चलेगा, बेटी. पण तू त्यांना असं सांगू नको. बोल, साहेब खूश झाले. मी ठेवून घेतो, कपाटात राहतील. म्हातारा माणूस आहे, क्या जाता है अपना?"

किती सोपं होतं. भला माणूस, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, "नको साहेब. परत द्या." दहाही शिपाई मी स्वतःच्या हाताने डब्यात भरले.

परतीच्या गाडीत मात्र माझं धाडस संपलं. कुरकुंभ येईपर्यंत मी दोन-तीन उत्तरं तयार केली होती. एकातही सगळं खरं नव्हतं. खरं सांगितलं तर हा माणूस उद्यापासून काय करेल? पन्नास वर्षं ज्या हाताने भाकरी मिळवली, तो मांडीवर ठेवून नुसता बघत बसेल का? माझ्या मेलीच्या एका वाक्याने ते व्हायचं? गाडीत बाया गवारीच्या भावावरून भांडत होत्या आणि मला त्यांचा हेवा वाटत होता.

वरवंडच्या फाट्यावर उतरले तर मामा तिथंच, रस्त्याकडेच्या दगडावर बसलेले. कधीपासून बसले होते कोण जाणे. टोपीवर धूळ साचली होती. वारं असं सुटलं होतं की पदर हातात धरून उभं राहावं लागत होतं.

"काय म्हनला?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. खाली बघून सांगितलं असतं तर परत खोटं आलं असतं.

"चालायचे न्हाईत म्हणाले, मामा."

"धाच्या धा?"

"व्हय. तुम्हाला सांगू नको म्हणाले. ठेवून घेतो, खूश झालो म्हणून सांग, असं म्हणाले. मी परत आणलेत."

हायवेवरून दोन ट्रक गेले. मामांनी टोपी काढली, झटकली, घातली.

"व्हय," ते म्हणाले. "मलाबी तसंच वाटलं व्हतं."

मग उठले, आणि उजवा हात पुढं केला. "दे ती पिशवी."

हात कापत होता. मी पिशवी दिली. ते पुढं, मी मागं. त्यांच्या हातात पिशवी हलत होती आणि डब्यातले शिपाई फाट्यापासून घरापर्यंत वाजत होते. मी पिशवी परत मागितली नाही.